मूठ किती वळली?

संगणकाला फक्त हो आणि नाही कळतं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. कळ दाबली तर एक, नाही दाबली तर शून्य. हिशेब मांडायला, पत्र लिहायला, यादी लावायला तेवढं पुरतं. विमान वळवणाऱ्या हाताला मात्र ते पुरत नाही. ‘डावीकडे’ एवढंच सांगून विमान वळत नाही. किती डावीकडे, हे सांगावं लागतं. हाताची हालचाल सलग असते, तिच्यात पायऱ्या नसतात.

हे ‘किती’ घरगुती संगणकाला पहिल्यांदा स्वस्तात कळलं ते जॉयस्टिकमुळे. खेळण्याची वस्तू म्हणून तिच्याकडे फारसं कुणी गांभीर्याने पाहिलं नाही. पण १९७७पासून पुढची वीसएक वर्षं सामान्य माणसाच्या संगणकाला बाहेरच्या जगाचं मोजमाप घेण्याची सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उघडी वाट तिच्याच पोर्टमधून जात होती. ती वाट कशी बांधली गेली, तिच्यावरून कोण कोण गेलं आणि ती बंद झाल्यावर आपण काय गमावलं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

ब्रेकआउटसाठी घडलेला संगणक

१९७५ मध्ये स्टीव्ह वॉझ्नियॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरी करत होता. त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्स अटारी कंपनीत होता. चेंडूने विटांची भिंत फोडण्याचा ‘ब्रेकआउट’ हा खेळ कमीत कमी चिप्समध्ये बसवायचं काम जॉब्सकडे आलं आणि वॉझ्नियॅकने चार रात्री जागून ते सर्किट उभं केलं. तो खेळ संपूर्ण तारांचा आणि चिप्सचा होता. त्यात प्रोग्रॅम नावाची गोष्टच नव्हती.

पुढे ॲपल टूची आखणी करताना हाच खेळ आता बेसिक भाषेत, नुसता टाइप करून चालवून दाखवायचा, असं वॉझ्नियॅकने मनाशी घेतलं. विटा रंगीत हव्यात म्हणून रंगांच्या आज्ञा आल्या. चेंडू आपटल्याचा आवाज हवा म्हणून स्पीकर आला. आणि फळी सरकवायला हातात धरायची गोल मूठ हवी म्हणून पॅडल आलं. ॲपल टूमधल्या कितीतरी सोयी ब्रेकआउटमुळे आल्या, असं त्याने स्वतः पुढे सांगितलं आहे. १९७७ मध्ये तो संगणक बाजारात आला तेव्हा खोक्यात दोन पॅडल आणि ब्रेकआउटची कॅसेटही होती.

पॅडल म्हणजे एका बटणाशेजारी एक फिरती मूठ. जॉयस्टिक म्हणजे अशाच दोन मुठी एका दांडीला काटकोनात जोडलेल्या. एक डावं-उजवं सांगते, दुसरी पुढे-मागे. संगणकाच्या दृष्टीने दोन पॅडल आणि एक जॉयस्टिक यांत काहीच फरक नसतो. म्हणून पॅडलसाठी केलेली सोय जॉयस्टिकला जशीच्या तशी चालली.

मुठीच्या आत असतो पोटेंशिओमीटर. दुरुस्तीवाले त्याला ‘पॉट’ म्हणतात. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला जो भाग फिरवतो तोच हा. कार्बनच्या अर्धगोल पट्टीवरून एक सरकता स्पर्शबिंदू फिरतो आणि पट्टीचा जेवढा भाग मधे येतो तेवढा विजेला रोध होतो. ॲपलच्या पॅडलमध्ये हा रोध शून्यापासून दीड लाख ओहमपर्यंत जाई. मूठ किती वळली याचं उत्तर त्या ओहममध्ये असतं. पण ओहम हा आकडा संगणकाला थेट वाचता येत नाही.

हंडा भरायला लागणारा वेळ

त्या काळीही विजेच्या सलग बदलणाऱ्या दाबाचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या चिप्स मिळत. त्यांना अ‍ॅनलॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर म्हणतात. पण त्या महाग होत्या आणि चार-चार मुठींसाठी घरगुती यंत्रात त्या बसवणं परवडणारं नव्हतं. वॉझ्नियॅकने दुसरा मार्ग धरला. रोध मोजायचाच नाही. त्या रोधामुळे लागणारा वेळ मोजायचा.

नळाखाली हंडा ठेवला आणि तोटी किती उघडी आहे ते दिसत नसलं, तरी हंडा भरायला किती वेळ लागला यावरून तोटीचा अंदाज येतो. इथे हंडा म्हणजे कपॅसिटर, ज्याला पंख्यावाले कंडेन्सर म्हणतात. पाच व्होल्टची वीज पॉटमधून त्याच्याकडे जाते. रोध कमी असेल तर तो झटकन भरतो, जास्त असेल तर सावकाश. तो ठरावीक पातळीपर्यंत भरायला लागणारा वेळ रोधाच्या प्रमाणात बदलतो. रोध दुप्पट, तर वेळही दुप्पट. आणि वेळ मोजायला प्रोसेसरसारखं घड्याळ दुसरं नाही.

ही पातळी ओळखणारी आणि ‘भरला’ अशी खूण देणारी चिप आधीच तयार होती. हान्स कॅमेनझिंड या स्विस वंशाच्या अभियंत्याने सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ मध्ये ५५५ नावाचा टायमर आखला. पुढच्या वर्षी तो बाजारात आला आणि जगात सर्वाधिक खपलेल्या चिप्सपैकी एक ठरला. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनीही लुकलुकणारा दिवा सर्वांत आधी याच चिपवर केलेला असतो. त्याच घराण्यातली ५५८ ही चिप म्हणजे एका अंगात चार टायमर. ॲपल टूने तीच घेतली. एक चिप, चार कपॅसिटर, दोन-चार रेझिस्टर, एवढ्यात चार मुठींची सोय झाली.

जोडणी मदरबोर्डवरच होती. चिप बसवायचं असतं तसं सोळा पिनांचं एक सॉकेट, त्यात चार मुठींच्या, तीन बटणांच्या आणि बाहेर संदेश पाठवायच्या चार वाटा. संगणकाचं झाकण उघडायचं, आत हात घालायचा आणि नाजूक पायांचा प्लग अचूक भोकांत बसवायचा. पाय वाकत, तुटत. १९८३ मध्ये ॲपल टू ई आला तेव्हा कुठे मागच्या बाजूला नऊ पिनांचं बाहेरचं सॉकेट मिळालं.

अकरा आवर्तनांचा फेरा

आता ॲपल टूच्या आतली ती छोटी आज्ञावली जवळून पाहू. मूठ वाचण्याचं सगळं काम तिच्यात आहे आणि ती जेमतेम पंधरावीस बाइटची आहे.

पहिली आज्ञा ‘सी०७०’ या पत्त्याला नुसता स्पर्श करते. त्या स्पर्शाने चारही टायमर एकदम सुरू होतात. मग एक मोजणी शून्यावर आणली जाते. त्यानंतर दोन आज्ञा अशा आहेत की ज्या काहीच करत नाहीत. पहिला आकडा नीट लागावा म्हणून फक्त थोडा वेळ दवडतात. पुढे फेरा सुरू होतो. ‘सी०६४’पासूनच्या पत्त्यांपैकी हव्या त्या मुठीचा पत्ता वाचायचा. टायमर चालू असेल तर मोजणी एकने वाढवायची आणि पुन्हा वाचायचं. टायमर थांबला असेल तर बाहेर पडायचं. मोजणी २५५ च्या पुढे जाऊ लागली तर २५५ वरच थांबायचं.

या फेऱ्याला प्रोसेसरची अकरा आवर्तनं लागतात. ॲपल टूचा ६५०२ प्रोसेसर सेकंदाला सुमारे दहा लाख आवर्तनं करतो, म्हणजे एक फेरा जवळपास अकरा मायक्रोसेकंदांचा. २५५ फेरे म्हणजे साधारण २.८ मिलिसेकंद. दुसरीकडे दीड लाख ओहम आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांचा गुणाकार ३.३ मिलिसेकंद होतो. म्हणजे मूठ शेवटपर्यंत वळण्याआधीच आकडा २५५ ला टेकतो. भागांच्या किमतीत थोडा फरक असला तरी प्रत्येक मूठ शून्य ते २५५ हा सगळा पल्ला गाठते. हिशेब असा जुळवलेला पाहिला की आखणीकाराबद्दल आदर वाटतो. घड्याळाचं काम प्रोसेसरने केलं, थांबण्याचं काम चिपने केलं आणि वेळ जुळवण्याचं काम आज्ञांची लांबी मोजून झालं.

या स्वस्ताईची किंमतही होती. मूठ वाचली जात असताना प्रोसेसर दुसरं काहीही करू शकत नव्हता. शिवाय चारही टायमर एकदमच सुरू होत. पहिली मूठ जवळच्या टोकाला असेल तर तिचा आकडा लगेच मिळतो, पण दुसऱ्या मुठीचा टायमर अजून चालूच असतो. तिला लगेच वाचायला गेलं तर चालू टायमर नव्याने सुरू होत नाही. उरलेला वेळ तेवढा मोजला जातो आणि आकडा चुकतो. म्हणून दोन वाचनांमध्ये थोडं थांबायचं, हा धडा ॲपल टूवर खेळ लिहिणाऱ्या प्रत्येकाला शिकावा लागला.

आयबीएमचा पंधरा पिनांचा पोर्ट

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर आणला. कचेऱ्यांसाठी यंत्रं करणाऱ्या या कंपनीने सोबतच जॉयस्टिकचं एक वेगळं कार्डही विकायला ठेवलं. नाव साधं, गेम कंट्रोल अडॅप्टर. आतली कल्पना तीच आणि चिपही तीच ५५८. पॉट मात्र एक लाख ओहमचा, कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा, आणि प्रत्येक वाटेवर २,२०० ओहमचा एक कायमचा रोध.

आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटची आकृती आणि एक सूत्र छापलं होतं. वेळ मायक्रोसेकंदांत हवा असेल तर २४.२ मध्ये, रोधाच्या ओहमला ०.०११ ने गुणून येणारा आकडा मिळवायचा. २४.२ कुठून आले, हे सहज सापडतं. २,२०० ला ०.०११ ने गुणा. तो कायमचा रोध सूत्रात असा बसला आहे. पॉट पूर्ण फिरवला तर वेळ होतो सुमारे १,१२४ मायक्रोसेकंद. दहावीला ओहमचा नियम शिकलेल्या मुलालाही हे समजेल आणि पडताळून पाहता येईल, इतकं ते स्वच्छ आहे.

वाचण्याची रीतही तशीच सरळ. २०१ हेक्स या पोर्टवर कोणताही आकडा लिहायचा. तो कोणता, याला महत्त्व नाही. लिहिण्याच्या कृतीनेच चार टायमर सुरू होतात. मग तोच पोर्ट पुन्हा पुन्हा वाचायचा. मिळणाऱ्या आठ बिटांपैकी खालची चार म्हणजे चार मुठी. जोवर टायमर चालू तोवर एक, थांबला की शून्य. वरची चार म्हणजे बटणं. ती दाबली की शून्य. जॉयस्टिक जोडलेलीच नसेल तर रोध अनंत असतो आणि ते बिट कधीच शून्य होत नाही. म्हणून शहाणा प्रोग्रॅम मोजणीला मर्यादा घाली आणि ती ओलांडली की जॉयस्टिक नाही असं समजे.

दोन्ही यंत्रांची कल्पना एक, पण तपशील जुळत नव्हते. ॲपलमध्ये बटण दाबलं की वाट पाच व्होल्टला जोडली जाई; आयबीएममध्ये ती जमिनीला जोडली जाई. पॉटची किंमत वेगळी, सॉकेटचा आकार वेगळा. म्हणून एकाची जॉयस्टिक दुसऱ्याला नुसता प्लग बदलून चालत नसे.

पंधरा पिनांचं ते सॉकेट पुढे जगभर पोहोचलं. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर कार्ड आणलं आणि त्यावर जॉयस्टिकचा पोर्टही बसवला. आवाज आणि मूठ एकाच कार्डात आली, संगणकातली एक जागा वाचली. तैवानी बनावटीच्या मल्टी आय-ओ कार्डांवरही फ्लॉपी, प्रिंटर आणि सिरियल पोर्टच्या शेजारी हे सॉकेट असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे भाग घेऊन जोडलेले ३८६ आणि ४८६ संगणक नव्वदीत घराघरांत आणि कचेऱ्यांत गेले, तेव्हा त्यांच्या पाठीवर हा पोर्ट होता. मॉनिटरच्या सॉकेटलाही पंधराच भोकं, पण ती तीन ओळींत. जॉयस्टिकची दोन ओळींत. हे एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नसे.

साउंड कार्डांनी त्यातल्या दोन पिना वाद्यांनाही दिल्या. आधी जमिनीला जोडलेली बारावी आणि पाच व्होल्टची पंधरावी, या दोन्हींवरून मिडी संदेशांची ये-जा सुरू झाली. घरी बसून कीबोर्डवर संगीत रचणाऱ्यांनी संगणकाला जोडलेली पहिली तार ही बहुधा जॉयस्टिकच्याच पोर्टला लावलेली असे.

मूठ उघडली तर

माझ्या टेबलावर अशीच एक जुनी जॉयस्टिक आहे. तळाचे चार स्क्रू काढले की आतली रचना समोर येते. दांडीच्या खाली एकमेकींना छेदणाऱ्या दोन कमानी आहेत. दांडी डावीकडे झुकली की एकच कमान फिरते, पुढे झुकली की दुसरी. तिरकी झुकली की दोन्ही आपापल्या वाट्याचं फिरतात. प्रत्येक कमानीच्या टोकाला एकेक पॉट आहे. दोन स्प्रिंगा दांडीला मध्यावर परत आणतात. बाजूची छोटी चाकं पॉटचं अख्खं अंग थोडं फिरवतात, म्हणजे मध्य हवा तसा जुळवता येतो. हीच यंत्ररचना रिमोटवर चालणाऱ्या छोट्या विमानांच्या ट्रान्समीटरमध्येही असते. कॅलिफोर्नियातली क्राफ्ट कंपनी आधी तसे ट्रान्समीटर करत असे आणि मग संगणकांच्या जॉयस्टिक करू लागली, ते यामुळेच सहज घडलं.

पॉटला तीन पाय असतात, पण इथे वापरात दोनच आहेत. तिसरा मोकळा सोडला आहे. एकावर पाच व्होल्ट येतात, सरकत्या पायावरून वीज संगणकाकडे जाते. मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू सरकवली की आकडा शून्याजवळून लाखाजवळ चढत जातो. मध्यावर मात्र तो स्थिर राहत नाही, थरथरतो. दांडी बहुतेक वेळ मध्याजवळच असते, तिथेच सरकता बिंदू पुन्हा पुन्हा घासतो आणि तिथला कार्बन झिजतो. विमान सरळ चाललेलं असताना उगाच डुलायला लागतं त्याचं कारण हे. आजच्या गेमपॅडच्या छोट्या अंगठा-काड्यांमध्येही बहुधा पॉटच असतात आणि आजची मुलं ज्या ‘ड्रिफ्ट’बद्दल कुरकुरतात तो हाच आजार आहे. चुंबक आणि हॉल सेन्सर वापरले की घासणारं काही उरत नाही आणि हा प्रश्न सुटतो.

वेगवान प्रोसेसर, हललेलं माप

मूठ वाचायची म्हणजे फेरे मोजायचे, ही युक्ती एका गृहीतावर उभी होती : प्रोसेसरचा वेग ठाऊक आहे. ॲपल टूमध्ये तो वर्षानुवर्षं तोच राहिला. आयबीएमच्या दुनियेत मात्र ४.७७ मेगाहर्ट्‌झपासून सुरुवात होऊन वेग दर एक-दोन वर्षांनी वाढत गेला. कपॅसिटर भरायला लागणारा वेळ तोच, पण त्या वेळात फेरे दुप्पट, चौपट. जुन्या यंत्रावर मध्य ज्या आकड्यावर होता तो नव्या यंत्रावर भलतीकडेच गेला.

म्हणून त्या काळचा प्रत्येक खेळ सुरू होताना आधी विधी करायला लावी. दांडी वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या आणि बटण दाबा. खालच्या उजव्या कोपऱ्यात न्या आणि बटण दाबा. मध्यावर सोडा आणि बटण दाबा. हे कॅलिब्रेशन म्हणजे मोजमापाच्या शास्त्राचा पहिला नियमच. कोणतंही उपकरण आधी ज्ञात जागांवर पडताळून घ्यायचं आणि मगच त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. लाखो मुलांनी तो नियम खेळता खेळता अंगवळणी पाडून घेतला.

जाणत्या प्रोग्रॅमरांनी पुढची पायरी गाठली. फेरे मोजण्याऐवजी त्यांनी पीसीतला वेगळा टायमर वाचायला सुरुवात केली. तो सेकंदाला ११,९३,१८२ ठोके देतो आणि प्रोसेसर कितीही वेगवान झाला तरी आपली चाल सोडत नाही. त्या टायमरवर मूठ पूर्ण वळवली की जवळपास १,३४० ठोके मोजले जातात आणि यंत्र बदललं तरी तो आकडा तोच राहतो.

मोजणीच्या मध्ये दुसऱ्या कामाने टोकलं तर आकडा उडी मारतो, ही अडचण तरीही होतीच. म्हणून वाचताना असं टोकणारे ‘इंटरप्ट’ बंद ठेवले जात. एका वाचनाला फार तर सव्वा मिलिसेकंद. पण सेकंदाला साठ वेळा वाचायचं तर प्रोसेसरचा सहा-सात टक्के वेळ नुसता कपॅसिटर भरायची वाट पाहण्यात जाई.

दुसऱ्या वाटा

सगळ्यांनी हाच मार्ग धरला नाही. अटारीच्या ४०० आणि ८०० या संगणकांत पोकी नावाची चिप स्वतःच मोजणी करी. आठ मुठींचा वेळ टीव्हीच्या पडद्यावरच्या ओळींबरोबर २२८ पर्यंत मोजला जाई आणि प्रोसेसर मोकळा राही. १९८२ च्या कमोडोर ६४ मध्ये आवाजाच्या सिड चिपलाच दोन मुठींची कामगिरी दिली होती. १९८० च्या टँडी कलर कॉम्प्युटरने वेगळीच चाल केली. त्यात पॉटचे तिन्ही पाय वापरात होते. सरकत्या पायावर विजेचा दाब मिळे. आवाज काढण्यासाठी ठेवलेल्या सहा बिटांच्या सर्किटमधून प्रोग्रॅम अंदाजाने एकेक दाब सोडी आणि तुलना करत शून्य ते ६३ मधला आकडा शोधून काढी.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मात्र ब्रिटनचा बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये तो आणला आणि त्यात खरोखरीची कन्व्हर्टर चिप बसवली. एनईसीची ७००२, चार वाटांची. बेसिकमध्ये ‘ॲडव्हाल’ लिहिलं की आकडा हातात. एका वाटेचं माप घ्यायला दहा मिलिसेकंद लागत, पण प्रोसेसरला वाट पाहावी लागत नसे. हा संगणक शिक्षणासाठी आखला होता, म्हणून तापमान, प्रकाश, दाब मोजणारी उपकरणं त्या पोर्टला जोडली जातील हे आखतानाच ठरलेलं होतं. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक नेण्यासाठी ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांत प्रथम गेला तो हाच बीबीसी मायक्रो. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने तो ‘युनिकॉर्न’ नावाने भारतातही केला. भारतीय शाळेतल्या पहिल्यावहिल्या संगणकांना मोजण्याची वाट अशी जन्मापासूनच होती.

खेळाच्या दारातून प्रयोगशाळा

पोर्टला पॉटच जोडला पाहिजे असा काही नियम नाही. त्याला फक्त बदलता रोध हवा. तापमानाने रोध बदलणारा थर्मिस्टर जोडा, ॲपल टू थर्मामीटर होतो. प्रकाशाने रोध बदलणारा एलडीआर जोडा, तो प्रकाश मोजू लागतो. बटणाच्या वाटेवर प्रकाशाचा अडसर लावा. लंबक मधून गेला की क्षणाची नोंद होते आणि त्याचा आवर्तनकाल मोजता येतो. ज्यांना कीबोर्ड वापरता येत नव्हता अशा अपंगांसाठी एकाच मोठ्या बटणाने चालणारे प्रोग्रॅमही याच पोर्टवर उभे राहिले.

अमेरिकेत ऑरेगॉनमधल्या डेव्हिड व्हर्नियर या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने पत्नी ख्रिस्टीनसह १९८१ मध्ये शाळांसाठी ॲपल टूचे प्रोग्रॅम करायला सुरुवात केली. विज्ञानाचे प्रकल्प घरी कसे बांधायचे हे सांगणारं पुस्तक त्याने लिहिलं, त्यातही गेम पोर्टचा आधार होता. मॅसॅच्युसेट्‌समध्ये टर्क या संस्थेत रॉबर्ट टिंकर यांनी संगणकावर आधारलेल्या शालेय प्रयोगशाळेचा विचार पुढे नेला. मूल हातात थर्मिस्टर धरतं आणि त्याच क्षणी पडद्यावर आलेख चढू लागतो. तापमान आणि आलेख यांचं नातं फळ्यावर समजावून सांगण्यात आणि असं डोळ्यांनी पाहण्यात फार मोठा फरक आहे.

हे सगळं शक्य झालं त्यामागे दोन कारणं होती. पहिलं, कल्पना इतकी साधी होती की तिचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत. दुसरं आणि माझ्या मते अधिक मोलाचं, की ती लपवलेली नव्हती. ॲपलने पुस्तिकेत सर्किट छापलं, आयबीएमने सूत्र छापलं. पिन कोणती, पत्ता कोणता, वेळ किती, हे सगळं वाचकाच्या हातात ठेवलं. वापरणाऱ्याला समजून घेण्याचा हक्क आहे, असं त्या कागदांनी गृहीत धरलं होतं.

दार बंद झालं

नव्वदीच्या मध्यावर जॉयस्टिकमध्येच छोटा प्रोसेसर बसू लागला. मायक्रोसॉफ्टच्या १९९५ च्या साइडवाइंडर थ्रीडी प्रोमध्ये पॉट नव्हते. प्रकाशाच्या संवेदकांनी दांडीची जागा ओळखली जाई आणि तिचे आकडे बटणांच्या तारांवरून संदेशासारखे पाठवले जात. जुन्या प्रोग्रॅमसाठी ती पॉट असल्याचं सोंगही करू शके. मग यूएसबी आली. मोजणी मुठीच्या आतच होऊ लागली, कॅलिब्रेशनचा त्रास संपला, प्रोसेसर मोकळा झाला. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाने जुन्या गेम पोर्टचा आधार काढून टाकला.

खेळणाऱ्यासाठी हे नक्कीच चांगलं झालं. अचूकता वाढली, सोय वाढली. शिकणाऱ्यासाठी मात्र दार बंद झालं. यूएसबीच्या तारेतून येणारा आकडा आधीच मोजलेला असतो. तो कसा मोजला, याचा माग काढायला मुलाला जागाच उरत नाही. थर्मिस्टर थेट यूएसबीला जोडता येत नाही. मधे कुणाचं तरी तयार उपकरण लागतंच.

ती वाट पुन्हा उघडण्याचं काम आपल्याच देशात झालं आहे. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सलरेटर सेंटरमध्ये अजित कुमार यांनी सुरू केलेल्या फिनिक्स प्रकल्पातून एक्स्पआइज नावाचं छोटं उपकरण तयार झालं. त्याचं सर्किट आणि सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं आहे आणि शाळा-कॉलेजांतली मोजमापं त्यावर संगणकाला जोडून करता येतात. तत्त्वही जुनं झालेलं नाही. आपल्या मोबाइलच्या पडद्याला बोट कुठे टेकलं हे कळतं ते कपॅसिटरच्या बदललेल्या क्षमतेवरून. जॉयस्टिकमध्ये कपॅसिटर तोच राहून रोध बदलायचा. पडद्यावर कपॅसिटर बदलतो. एकाच घरातल्या या दोन युक्त्या.

महाराष्ट्रातल्या शाळांत आता संगणक कक्ष आहेत, काही ठिकाणी आर्डुइनोसारखे छोटे बोर्डही आले आहेत. त्यांवर तयार सेन्सर लावून दिवा पेटवण्यापुरतंच काम होतं, याचं मला वाईट वाटतं. एक लाख ओहमचा पॉट, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि चार तारा, एवढं घेऊन मुलांना एकदा स्वतः वेळ मोजू द्या. कपॅसिटर आधी रिकामा करायचा, पॉटमधून भरू द्यायचा आणि पिन शून्यातून एक होईपर्यंत मायक्रोसेकंद मोजायचे. मग मूठ वळवून पाहायची, आलेख काढायचा, तो सरळ रेषेत आला का ते तपासायचं. नाही आला तर का नाही, हे शोधायचं. शेवटी पॉट काढून त्या जागी थर्मिस्टर लावायचा आणि बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात त्याचं कॅलिब्रेशन करायचं.

एका तासिकेत बसेल एवढं हे काम आहे. त्यात ओहमचा नियम आहे, घड्याळ आहे, आलेख आहे, चूक शोधणं आहे आणि उपकरणावर विश्वास कधी ठेवायचा याची शिस्त आहे. पन्नास वर्षांपूर्वी एका अभियंत्याने खेळासाठी केलेली ही सोय आजही विज्ञान शिकवण्याच्या फार कामाची आहे. शिक्षकांनी ती उचलावी आणि मुलांना मोजलेला आकडा हाती देण्याऐवजी मोजायला लावावं, एवढंच मागणं आहे.